थायरॉईडची गोळी चालू, रिपोर्ट ‘नॉर्मल’. मग थकवा का जात नाही?

“गोळी तर रोज घेते, रिपोर्टही नॉर्मल आला, पण अंगातली मरगळ काही जात नाही.” थायरॉईडचा त्रास असलेल्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकायला मिळते. त्यावर घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. दवाखान्यात सांगतात, रिपोर्ट चांगला आहे, गोळी चालू ठेवा. कामाच्या ठिकाणी तर सरळ ‘आळशी’ म्हणून शिक्का बसतो. मग कुणी कंटाळून गोळी सोडून देते, कुणी स्वतःच्या मनाने एकाच्या जागी दीड गोळी घेऊ लागते, तर कुणी मोबाईलवर व्हिडिओ पाहून ‘थायरॉईड मुळापासून बरा’ करणारा काढा विकत आणते.

या तिन्ही वाटा नुकसानीच्या आहेत. पण ‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे माणूस बरा’ हेही पूर्ण सत्य नाही. गोळी चालू असताना त्रास राहत असेल तर त्याला कारण असते आणि बहुतेक वेळा ते क्रमाने शोधता येते. पहिला प्रश्न, गोळी अंगी लागते आहे का? दुसरा, मात्रा आणि रिपोर्ट दोन्ही बरोबर आहेत का? तिसरा, थकव्यामागे दुसराच आजार आहे का? आणि चौथा, हे सगळे तपासूनही काही उरले तर काय करायचे? हा लेख याच चार प्रश्नांच्या क्रमाने जाणार आहे.

हा प्रश्न थोड्याथोडक्यांचा नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पाच हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींचे रक्त तपासले गेले. जवळपास ११ टक्के लोकांमध्ये थायरॉईडची कमतरता आढळली. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तिप्पट होते. म्हणजे आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक महिला मंडळात, प्रत्येक अभ्यासिकेत हा आजार घेऊन जगणारे कुणी ना कुणी आहे.

आजार नेमका काय आहे?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. ती मुख्यतः टी-४ नावाचे संप्रेरक तयार करते. शरीरातल्या पेशी गरजेनुसार त्याचे टी-३ मध्ये रूपांतर करतात आणि प्रत्यक्ष काम टी-३ करते. हृदयाची गती, अंगातली ऊब, आतड्यांची हालचाल, पाळी, त्वचा, केस, मेंदूची तरतरी या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीची देखरेख असते. तिला मुकादम समजा. कामगार कमी काम करू लागला की मुकादम मोठ्याने ओरडतो, काम नीट सुरू झाले की त्याचा आवाज खाली येतो. टीएसएच म्हणजे त्या मुकादमाचा आवाज. म्हणून टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉईडचे काम वाढले असा नसतो, तर ते कमी पडते आहे असा असतो. अनेक जण इथेच गोंधळतात आणि ‘माझा थायरॉईड वाढलाय’ असे सांगतात.

मिठात आयोडीन आल्यानंतर आज आपल्याकडे या आजाराचे नेहमीचे कारण म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेनेच थायरॉईड ग्रंथीवर हल्ला करणे. जपानचे डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. यात ग्रंथी हळूहळू निकामी होते. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढली असेल किंवा किरणोत्सारी आयोडीनचे उपचार झाले असतील तरीही हीच कमतरता येते.

यावरची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा नावांनी ती मिळते. शरीर जे टी-४ बनवू शकत नाही तेच ही गोळी पुरवते. त्यामुळे ‘गोळीची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. चष्म्याची जशी सवय लागत नाही, गरज असते, तसेच हे आहे.

पहिला प्रश्न: गोळी पोटात गेली, पण अंगी लागली का?

अनशापोटी घेतली तरी या गोळीतले साधारण ६० ते ८० टक्के औषधच रक्तात उतरते. त्यात चहा, नाश्ता, दुसरी गोळी आडवी आली की हे प्रमाण आणखी घटते. गोळीची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. इतक्या बारीक मात्रेत थोडी गळतीही मोठी ठरते.

सर्वसाधारण नियम सोपा आहे. सकाळी उठल्यावर अनशापोटी, साध्या पाण्यासोबत गोळी घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास एक तास, पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही. दुधाचा चहा आणि कॉफी हे ‘काहीच नाही’ या हिशेबात बसत नाहीत. कॉफीमुळे गोळीचे शोषण कमी होते आणि दुधातले कॅल्शियम गोळीला बांधून ठेवते.

पण पहाटे पाचला घर सोडणाऱ्या सफाई कामगाराला, धुणीभांडी करायला निघणाऱ्या ताईला, पहिल्या पाळीच्या कामगाराला हा एक तास कुठून मिळणार? चहा हाच त्यांचा पहिला आधार असतो. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे: रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेणे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रात्री गोळी घेणाऱ्यांचे रिपोर्ट सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले आले होते. रात्री आठला जेवण आणि अकराला गोळी हे ज्यांना जमते त्यांनी डॉक्टरांना सांगून हा बदल करावा. सकाळ की रात्र यापेक्षा महत्त्वाचे हे की रोज एकाच वेळी आणि रिकाम्या पोटी.

आता दुसऱ्या गोळ्यांबद्दल. लोहाच्या म्हणजे रक्तवाढीच्या गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवाव्यात. पित्तासाठी घेतले जाणारे पातळ औषध किंवा चघळायच्या गोळ्या यांनाही हेच लागू आहे. रोज सकाळी घेतली जाणारी ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल यांसारखी पित्ताची गोळी पोटातले आम्ल कमी करते आणि त्यामुळे थायरॉईडची गोळी नीट विरघळत नाही. इथे वेळ बदलून फारसा उपयोग होत नाही. ती गोळी खरोखर रोज लागते का हे डॉक्टरांना विचारावे, आणि लागत असेल तर थायरॉईडची मात्रा त्याप्रमाणे ठरवावी लागते.

समजा एखाद्या ताईला ७५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे. रक्त कमी असल्याने तिला लोहाची गोळीही मिळाली. विसरायला नको म्हणून ती दोन्ही गोळ्या सकाळी एकत्र घेते. पुढच्या तपासणीत टीएसएच वाढलेला दिसतो, मात्रा १०० केली जाते, तरी थकवा तसाच. इथे आजार वाढलेला नाही, औषधही कमी नाही. दोन गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवायला कुणी सांगितलेच नाही, एवढीच अडचण आहे.

आणखी काही औषधे गोळीची गरज वाढवतात. क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन, फिटसाठी दिली जाणारी फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या. यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले किंवा बंद झाले तर थायरॉईडची तपासणी पुन्हा करून घ्यावी. मात्र त्यासाठी टीबीचे किंवा फिटचे औषध कधीही स्वतःहून थांबवू नये.

साठवणुकीकडेही लक्ष हवे. ही गोळी उष्णता, ओल आणि प्रकाश यांनी खराब होते. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात खिडकीत, स्वयंपाकघरात शेगडीजवळ किंवा मोरीच्या फळीवर ठेवलेली बाटली महिनाभरात कमजोर होऊ शकते. बाटली घट्ट बंद करून घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावी.

दुसरा प्रश्न: मात्रा आणि रिपोर्ट बरोबर आहेत का?

ज्यांची ग्रंथी जवळपास पूर्ण निकामी झाली आहे त्यांना दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ मायक्रोग्रॅम औषध लागते. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. ग्रंथी थोडेफार काम करत असेल तर कमी लागते. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना अगदी कमी मात्रेपासून सुरुवात करतात. म्हणून शेजारणीची मात्रा आणि आपली मात्रा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

रक्तातले टी-४ निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे मात्रा बदलल्यावर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची ती यामुळेच. मात्रा वाढवून दहाव्या दिवशी रक्त तपासले तर तो आकडा दिशाभूल करतो. याच कारणाने एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरायचे कारण नाही. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा राहत असेल तर मात्रा कितीही वाढवली तरी उपयोग नाही. आठवड्याच्या सात कप्प्यांची साधी डबी किंवा कॅलेंडरवर रोज एक खूण, यावर हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. डबीत मात्र एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या काढाव्यात.

आकडा सुधारला की त्याच दिवशी अंग हलके होईल असेही नाही. सूज आणि बद्धकोष्ठता काही आठवड्यांत कमी होते. केस, त्वचा आणि स्मरणशक्ती सावरायला काही महिने लागतात.

रिपोर्टबद्दल चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची नॉर्मल पातळी साधारण ०.४ ते ४ च्या आसपास दिलेली असते. ही पातळी लॅबनुसार थोडी बदलते, म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करावी. सत्तरीच्या पुढे थोडा जास्त टीएसएचही चालतो.

दुसरी, टीएसएच दिवसभरात वरखाली होतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी तीनला तपासून तुलना करू नये. टी-४ पण मोजायचा असेल तर त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी.

तिसरी, केसांसाठी आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या प्रमाणात असते. ते अनेक लॅबच्या यंत्रांना फसवते. टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसू शकतो. केस गळतात म्हणून हीच गोळी घेणाऱ्या तरुणींची संख्या मोठी आहे. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ती बंद ठेवावी आणि डॉक्टरांना तसे सांगावे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुकादमच आजारी असेल तर त्याच्या आवाजावरून कामगाराचे काम मोजता येत नाही. बाळंतपणात खूप रक्तस्राव झाला तर पियुषिका ग्रंथीला इजा होऊ शकते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशा स्त्रीला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, बगलेतले केस जातात, वर्षानुवर्षे थकवा राहतो, आणि तरीही टीएसएच नॉर्मल दिसू शकतो. बाळंतपणातल्या मोठ्या रक्तस्रावाचा इतिहास असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगावा आणि फ्री टी-४ तपासावा का असे विचारावे. या आजारात थायरॉईडच्या गोळीआधी दुसऱ्या संप्रेरकाचे उपचार द्यावे लागतात, म्हणून हे तज्ज्ञांचेच काम आहे.

कंपनी बदलल्यानेही थोडा फरक पडू शकतो. शक्यतो एकच कंपनी ठेवावी. स्वस्त पर्याय म्हणून कंपनी बदलली तरी हरकत नाही, पण सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावा. लेव्होथायरॉक्सिन आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. पैशांअभावी गोळी बंद करण्याआधी सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी.

तिसरा प्रश्न: थकवा थायरॉईडचाच आहे का?

थकवा, केस गळणे, वजन वाढणे, उदास वाटणे ही लक्षणे फक्त थायरॉईडची नाहीत. एकदा ‘थायरॉईडची पेशंट’ असा शिक्का बसला की प्रत्येक तक्रार त्याच खात्यावर टाकली जाते आणि दुसरा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो. रिपोर्ट नॉर्मल असताना त्रास राहण्याचे हे फार मोठे कारण आहे.

रक्तक्षय हे त्यातले पहिले नाव. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त स्त्रिया त्यात आहेत. धाप, थकवा, केस गळणे, थंडी वाजणे ही रक्तक्षयाची लक्षणे थायरॉईडशी हुबेहूब जुळतात. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन तपासले तर शरीरातला लोहाचा साठा कळतो. पाळीत जास्त रक्त जात असेल तर त्याचेही उपचार हवेत, नाहीतर भरलेली घागर गळतच राहते.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे दुसरे. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, तोंड येणे, थकवा. मांस, मासे, अंडी, दूध ज्यांच्या ताटात कमी असते त्यांना हा धोका जास्त. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही बी-१२ कमी होऊ शकते. ज्यांना हाशिमोतोचा आजार आहे त्यांच्यात बी-१२ शोषून न घेणारा जठराचा विकार इतरांपेक्षा जास्त आढळतो. ड जीवनसत्त्व कमी असेल तर हाडे आणि स्नायू दुखतात.

मधुमेह आणि झोपेतला श्वासरोध हे तिसरे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, आठ तास झोपूनही सकाळी जड वाटणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे अशी चिन्हे असतील तर थायरॉईडच्या गोळीने ती जाणार नाहीत.

चौथे म्हणजे नैराश्य आणि ताण. स्पर्धा परीक्षेची अनेक वर्षे, बेरोजगारी, घरातली भांडणे, दिवसभर राबून रात्री चार-पाच तासांची झोप यांचा थकवा खरा असतो. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवणे जितके चूक तितकेच त्यावर थायरॉईडची मात्रा वाढवणेही चूक. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. त्यावर मोफत बोलता येते.

पाचवे थोडे कमी आढळते, पण विसरू नये. गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिअ‍ॅक आजार किंवा जठराची जुनाट सूज असेल तर मात्रा वाढवत नेली तरी टीएसएच खाली येत नाही, कारण औषध शोषलेच जात नाही. आणि वजन घटणे, चक्कर, कमी रक्तदाब, त्वचा काळवंडणे, मीठ खावेसे वाटणे अशी लक्षणे एकत्र असतील तर मूत्रपिंडावरील ग्रंथींचा विकार असू शकतो. तो आधी ओळखावा लागतो.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. थायरॉईडच्या कमतरतेमुळे वाढणारे वजन साधारण दोन ते पाच किलो असते आणि त्यात मोठा वाटा अंगात साचलेल्या पाण्याचा आणि मिठाचा असतो. त्यापुढचे पंधरा-वीस किलो थायरॉईडच्या नावावर टाकता येत नाहीत. वजन कमी करण्यासाठी ही गोळी जास्त घेणे हृदयाला महागात पडते.

काही जणांना तर टीएसएच अगदी थोडा, पाच-सहा, वाढलेला असताना गोळी सुरू झालेली असते. २०१७ साली युरोपात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ६५ वर्षांवरच्या अशा ७३७ व्यक्तींमध्ये गोळीने थकव्यात आणि लक्षणांत काही विशेष सुधारणा दिसली नाही. म्हणजे अशांचा थकवा मुळात थायरॉईडचा नसण्याची शक्यता मोठी. पण गोळी चालू ठेवायची की नाही हा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्यायचा.

चौथा प्रश्न: सगळे तपासले, तरीही त्रास उरला तर?

असे लोक आहेत आणि वैद्यकशास्त्र ते मान्य करते. योग्य गोळी घेऊन टीएसएच नॉर्मल असलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना त्रास राहतो. त्यामुळे ‘तुझ्याच डोक्यात आहे’ असे कुणी म्हटले तर ते शास्त्राला धरून नाही.

याचे एक संभाव्य कारण असे. निरोगी ग्रंथी टी-४ सोबत थोडे टी-३ देखील थेट रक्तात सोडते. गोळीत फक्त टी-४ असते. बहुतेकांचे शरीर त्यातून पुरेसे टी-३ बनवते, पण काहींमध्ये हे रूपांतर कमी पडत असावे, असे संशोधकांना वाटते. १९९९ साली लिथुआनियातल्या ३३ रुग्णांच्या छोट्या अभ्यासात टी-४ आणि टी-३ एकत्र दिल्यावर लोकांना बरे वाटले. मोठी आशा निर्माण झाली. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत मात्र तो फायदा सातत्याने दिसला नाही. त्यामुळे टी-३ हा सर्वांसाठी उपाय नाही. निवडक रुग्णांमध्ये, बाकी सगळी कारणे तपासून झाल्यावर, संप्रेरकतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीपुरता तो प्रयोग होऊ शकतो. गर्भवतींना तो देत नाहीत.

मग टीएसएचलाच इतके महत्त्व का? त्याला इतिहास आहे. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे डॉक्टर जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून पहिला रुग्ण सुधारला. पुढे अनेक दशके औषधाची मात्रा फक्त लक्षणांवरून ठरत असे. १९७० च्या दशकात टीएसएच मोजणे सर्रास होऊ लागले तेव्हा कळले की कित्येकांना गरजेपेक्षा बरेच जास्त औषध दिले जात होते. जास्त औषधाने छातीत धडधड, हात थरथरणे, झोप उडणे, उतारवयात हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होणे हे धोके असतात. म्हणून आकड्याला सोडायचे नाही, आणि माणसाला विसरायचेही नाही.

पत्ताकोबी, फुलकोबी खाल्ली म्हणून घाबरू नये. शिजवून, नेहमीच्या प्रमाणात चालते. सोयाबीनच्या वड्या आणि पीठ गोळीच्या वेळेपासून दूर ठेवावे. मीठ आयोडीनयुक्त वापरावे, पण समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या घेऊ नयेत. हाशिमोतोच्या आजारात जादा आयोडीन उलट त्रास वाढवू शकते. रोज चालणे आणि पुरेशी झोप यांनी ग्रंथी बरी होत नाही, पण उरलेला थकवा नक्की हलका होतो.

इथे थांबायचे नाही

गर्भधारणा झाली की गोळीची गरज पहिल्या काही आठवड्यांतच सुमारे २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. बाळाच्या मेंदूची वाढ त्या काळात आईच्या टी-४ वर अवलंबून असते. म्हणून पाळी चुकली, चाचणी आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नये. ‘गरोदरपणात गोळ्या नकोत’ म्हणून घरातले थायरॉईडची गोळी बंद करतात, हे तर धोकादायकच. सरकारी दवाखान्यातून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळतात. त्या घ्यायच्याच आहेत, फक्त थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर आणि एकमेकींपासूनही वेगळ्या वेळी.

गोळी बरेच दिवस बंद असलेल्या माणसाचे अंग गार पडले, बोलण्यात गोंधळ झाला, जास्तच गुंगी आली, श्वास मंदावला तर उशीर न करता मोठ्या रुग्णालयात न्यावे. छातीत दुखणे किंवा सतत धडधड असेल तरीही थांबू नये.

डॉक्टरांसमोर बसताना

गर्दीच्या ओपीडीत दोन-तीन मिनिटे मिळतात. तिथे ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगितले तर ‘रिपोर्ट नॉर्मल’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून एक वही करावी. त्यात पुढील गोष्टी लिहाव्यात:

- गोळीची कंपनी, मात्रा आणि घेण्याची वेळ, त्यानंतर चहा किती वेळाने
- महिन्यात किती वेळा गोळी राहिली
- बाकी सगळ्या गोळ्या, रक्तवाढीच्या, पित्ताच्या, केसांच्यासुद्धा
- आजवरचे टीएसएच, तारखेसह
- सर्वांत जास्त त्रास देणारी तीन लक्षणे आणि ती कधीपासून आहेत
- पाळी, बाळंतपण, घोरणे, झोप याबद्दल एकेक ओळ

आणि तीन प्रश्न विचारावेत. माझी गोळी नीट शोषली जात असेल का? माझा टीएसएच माझ्या वयाला योग्य आहे का? थकव्याचे दुसरे कारण शोधायला हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, साखर यांपैकी काय तपासावे? प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

जयंतीच्या निमित्ताने वस्त्यावस्त्यांत आरोग्य शिबिरे भरतात. त्यात थायरॉईडची मोफत तपासणी ठेवली की गर्दी होते, पण रिपोर्ट वाटून शिबिर संपते. पुढच्या वेळी टीएसएचसोबत हिमोग्लोबिन ठेवा. ज्यांना आधीच गोळी चालू आहे त्यांच्यासाठी एक वेगळे टेबल लावा आणि तिथे बसणाऱ्या आशाताईने किंवा नर्सिंगच्या विद्यार्थिनीने फक्त एकच विचारावे: गोळी कधी घेता, कशासोबत घेता, किती वेळा राहते? ज्यांचा आकडा बिघडलेला येईल त्यांची यादी ठेवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्या घरी जा. यासाठी फार पैसा लागत नाही, दोन-तीन तरुणांचा वेळ लागतो.

आणि बैठकीला उशिरा येणाऱ्या, कार्यक्रमात मागे बसून डोळे मिटणाऱ्या, ‘मला जमणार नाही’ म्हणणाऱ्या ताईला आळशी म्हणण्याआधी तिला विचारा, तुझी तब्येत कशी आहे, शेवटचे रक्त कधी तपासले? तिची गोळी आणि तिचा चहा यांच्यात एक तासाचे अंतर पाडून देणे हेही चळवळीचेच काम आहे.